विमानात सगळा गाव

आई हजहून परतायच्या आत घराची भिंत रंगवून व्हायला हवी होती. आमच्याकडे कुणी हजला गेलं की त्याच्या घरावर त्याचं विमान आणि मक्केचा काबा रंगवतात. जाताना तिनं एकच मागितलं होतं, "काबा नीट काढून घे रे. परत काही माझं जाणं होणार नाही, रोज भिंतीवर तरी बघेन." मी छातीवर हात ठेवून कबूल केलं.

रंगारी बद्री; कसबी म्हणून सगळे त्याला उस्ता म्हणतात. नाईलकाठी लक्सरच्या अलीकडच्या सगळ्या गावांत याचीच विमानं उडतात. हाताला गुण आहे, पण भारी भिडस्त. त्यानं सुरुवात विमानानं केली आणि घोडं तिथंच अडलं. पहिल्या खिडकीत आईचा चेहरा काढला, तर पाववाली उम्म सनद म्हणाली, शेजारची खिडकी रिकामीच आहे, मला बसव. बसवली. मग तिचा नवरा रुसला. त्यालाही बसवलं. मग न्हावी, मग न्हाव्याच्या बहिणी. कुणी उस्ताला भरलेलं कबूतर खाऊ घातलं, कुणी भेंडीचं कालवण. मी उसाच्या शेतातून परतलो तेव्हा विमान भिंतीच्या या टोकापासून त्या टोकाला भिडलेलं, आणि काबाला टीचभर जागा नाही.

"उस्ता, काबा कुठंय?"

"विमान अजून पोचलं कुठं?" म्हणाला गाढव.

चारदोन जणांना पुसून टाक म्हटलं, तर उतरायला कोण तयार? न्हाव्यानं वस्तरा हातात धरूनच सांगितलं की त्याच्या बहिणींना हात लावायचा नाही. आई दुसऱ्या दिवशी येणार होती.

उरली समोरची भिंत, शाझलीची. त्याच्या गाढवानं आईची वाळत घातलेली भाजी फस्त केली, तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. तरी गेलो, हातापाया पडलो. शाझली म्हणाला, "काबा माझ्या दारात बघून लोक मलाच मुबारक म्हणायला येतील. हजला न जाताच सगळ्यांना सरबत पाजत बसू होय?" शेवटी एका अटीवर कबूल झाला: विमानात त्याला पायलटच्या मागची खिडकी हवी. इतके दिवस मेला दाराआडून तेच बघत होता. बद्रीनं विमानाचं नाक कोपऱ्यावरून पुढं ओढलं. आमचा पायलट आता पलीकडच्या गल्लीत आहे.

आई आली. ढोल वाजले, बायकांनी जिभा वळवून आनंदाच्या किलकाऱ्यांनी गल्ली डोक्यावर घेतली. विमान निरखून ती म्हणाली, "एवढी गर्दी नव्हती रे." मग दमून दाराशी बाकावर टेकली, आणि समोर काबा. ओढणीनं डोळे पुसून ती कितीतरी वेळ बघत राहिली. माझा जीव भांड्यात पडला.

शाझली आपल्या उंबऱ्यात उभा राहून मान वाकडी करून भिंतीकडे बघत होता. "भिंत माझी, आणि घरातून मलाच काही दिसत नाही," तो कुरकुरला.

आई बाकावर जरा सरकली.

"मग इथं येऊन बस."