थर्टी वनची हजेरी

कॉलेजनं पोरांना काय कमी दिलं होतं? ऐसपैस मैदान, डबल बार, व्हॉलीबॉलची जाळी, वर शेजारच्या दारासुरम गावाहून सायकल हाणत येणारे कडक सुंदरेश मास्तर. पोरांनी बदल्यात काय दिलं? हजेरी. तीही एकमेकांची. संध्याकाळच्या व्यायामाला पाऊण हजेरी नसली की परीक्षेला बसू देत नसत, म्हणून ही सोय.

रंगाचा नंबर तीस, सेतूचा एकतीस. सेतूला पळण्याचा भारी कंटाळा. तो दांडी मारी, आणि रंगा आपलं 'येस सर' झालं की मान खाली घालून, नाकात, घोगऱ्या आवाजात त्याचंही देई.

आडी या तमिळ महिन्याच्या अठराव्या दिवशी कावेरीला नवं पाणी आलं. "मी पोहायास जातों, तूं हजेरी दे," म्हणून सेतू गेला तो परतलाच नाही. वही सांगत होती, पाच वाजता पोरगा मैदानावर होता. मग नदी कोण धुंडाळणार? लोकांनी बसस्टँड पाहिला, स्टेशन पाहिलं, आणि मद्रासला पळाला म्हणून मोकळे झाले. रंगा सगळं जाणून गप्प बसला. कॉलेजातून काढतील या भीतीनं त्याची पाचावर धारण बसली होती.

सेतूची आई मीनाक्षीबाई तेव्हापासून रोज पाचाला मैदानाच्या कडेला येऊन उभ्या राहत. घामेजलेल्या पोरासाठी काखेत कोरडा सदरा. "वहींतून नांव काढूं नका, मास्तर, येईल तो," असं त्यांनी विनवलं होतं, आणि मास्तरांना नाही म्हणवलं नव्हतं.

"थर्टी वन!" ते पुकारत. आणि रोज रंगाच्या कानात उत्तर येई. "येस सर." सेतूचा आवाज असता तर भूत समजून रामनाम तरी घेता आलं असतं. पण हा नाकातला घोगरा आवाज रंगानं स्वतः घडवलेला. चोराच्या मनात चांदणं, अशी त्यानं सहा आठवडे मनाची समजूत काढली.

एका शुक्रवारी त्यानं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. "थर्टी वन!"

"येस सर." आवाज आलाच.

या वेळी तो मीनाक्षीबाईंनाही ऐकू आला. त्या दचकल्या. रांगेतून वाट काढत त्याच्यासमोर आल्या.

"हा माझ्या सेतूचा आवाज नव्हे," त्या म्हणाल्या. "रंगा, त्या दिवशींही तूंच बोलिलास काय रे?"

रंगानं तोंडावरचे हात काढले. "मामी, तो इकडे आलाच नव्हता. नदीवर गेला होता. मी भ्यालों."

बाईंनी हात उगारला नाही, शिव्याशाप दिले नाहीत. दिले असते तर रंगाला बरं वाटलं असतं. "मास्तर, नांव काढा," एवढंच बोलून त्या सदरा छातीशी धरून नदीच्या वाटेला लागल्या.

दुसऱ्या दिवशी वहीत एकतिसावर लाल रेघ होती. "थर्टी!" मास्तरांनी पुकारलं. रंगा "येस सर" म्हणाला, नाकात, घोगऱ्या आवाजात. त्याचा स्वतःचा आवाज त्याला पुन्हा सापडला नाही.