हातावर तोललेला पॉवर सप्लाय

सिंदी रेल्वे गावात कोणाची पाण्याची मोटर जळली, की ती थेट रूपरावांच्या वाइंडिंगच्या दुकानात यायची. रूपराव ती हातात घेऊन दोनदा वरखाली करायचे आणि न उघडताच सांगायचे, "ॲल्युमिनियम भरलं आहे याच्यात. फसवलं तुले." उघडल्यावर तसंच निघायचं. तांब्याच्या तारेची मोटर जड, ॲल्युमिनियमची हलकी. चाळीस वर्षांत हा अंदाज क्वचितच चुकला होता.

त्यामुळे सोनमने वर्ध्याहून कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय, म्हणजे त्याला वीज पुरवणारा डबा, आणायला सांगितलं, तेव्हा हे तर आपलंच काम, असं त्यांना वाटलं. सोनम त्यांची एकुलती एक मुलगी. बायको जयवंता वारल्यापासून घरात बापलेक दोघंच. सोनम आणि तिच्या तीन मैत्रिणी मिळून एक गेम बनवत होत्या. नागपूरच्या स्पर्धेत तो दाखवायचा होता, आणि जुन्या लॅपटॉपवर तो धड हलतही नव्हता. म्हणून चौघींनी वर्षभर शिकवण्या घेऊन एक भारी ग्राफिक्स कार्ड घेतलं होतं. ते बसवायचा नवा कॉम्प्युटर सोनमकडे ठेवायचं ठरलं, कारण "माझ्या बाबांना विजेतलं सगळं समजते," असं तिनेच मैत्रिणींना सांगितलं होतं.

तिने चिठ्ठीत कंपनीचं नाव आणि साडेआठशे वॉट असं लिहून खाली दोन रेघा ओढल्या होत्या. वर्ध्याला दुकानदार मुकेशने तो डबा काउंटरवर ठेवला. रूपरावांनी उचलून पाहिला.

"हा तं पापडाचा डबा वाटून राह्यला, मुकेश."

"काका, ताईनं लिहिला तो हाच आहे. वजन काऊन पाहता?"

"चाळीस वर्षं वजनच पाहून राह्यलो. तो वरचा काढ बरं."

वरचा डबा कोण्या अनोळखी कंपनीचा होता, पण हाताला चांगला जड लागला. त्यावर बाराशे वॉट लिहिलं होतं.

"तो साध्या कॉम्प्युटरले चालते, काका. भारी कार्डले नका लावू."

"साडेआठशेपेक्षा बाराशे जास्त का कमी?"

"लिहायले काय जाते?"

रूपराव हसले आणि जड डबा घेऊन घरी आले.

सोनमने तो पाहिला. "बाबा, मी हा नव्हता सांगितला."

"आता मले वीज शिकवते का?"

आई गेल्यापासून सोनमने बापाला कशालाही नाही म्हणणं सोडलं होतं. "बरं," ती म्हणाली आणि तिने तोच जोडला.

तीन दिवस कॉम्प्युटर झकास चालला. चौथ्या दिवशी दुपारी फट्कन आवाज झाला. रूपराव अंगणात होते. जळाल्याचा वास त्यांच्या नाकाला लगेच कळला. ते धावत आत गेले. पडदा काळा पडला होता. पॉवर सप्लाय गेला तो गेला, जाताना कार्डही घेऊन गेला.

सोनम खाली फरशीवर बसून टीममधल्या ज्योत्स्नाशी फोनवर बोलत होती. "मीच कुठंतरी उलटं जोडलं असेल. सॉरी यार. माझीच चूक आहे."

रूपराव दारात उभे होते. बोलायचं तर तेव्हाच बोलायला हवं होतं. ते म्हणाले, "चहा ठेवू का?"

संध्याकाळी दुकानात त्यांनी डब्याचे स्क्रू काढले. तळाला लोखंडाची एक जाड पट्टी बसवली होती. कशालाच न जोडलेली, नुसती वजनाला. ती काढल्यावर उरलेला डबा चिठ्ठीतल्या डब्याहूनही हलका भरला. आत बारीक वायरी आणि रिकामी जागा. दुकानात दुसरं कोणी नव्हतं, तरी त्यांनी शटर अर्धं खाली ओढलं.

आणि मग जे आठवायला नको होतं ते आठवलं. मागल्या वर्षी जयवंताची पाठ दुखत होती. सोनम दवाखान्यात नेऊ म्हणत होती. "पाणी भरताना लचक भरली, मले समजते," म्हणत रूपरावांनी मलम चोळून दिलं. तो हार्ट अटॅक होता. नंतर भेटायला येणाऱ्या बायांना सोनम रडत सांगायची, "मीच हट्ट धरायला पाहिजे होता." रूपराव शेजारीच बसलेले असायचे. तिने हट्ट धरला होता, हे त्यांनी एकदाही सांगितलं नाही.

दोन दिवस सोनम एकेक वायर तपासत होती, आपली चूक शोधत होती. दोन्ही दिवस रूपराव तिला चहा नेऊन देत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी ती मोबाइलवर काहीतरी लिहीत बसली होती.

"काय लिहून राह्यली?"

"टीममधून नाव काढा म्हणते माझं. त्यांचं वर्ष वाया घालवलं मी."

रूपरावांनी दुकानातून पट्टी आणली आणि तिच्यापुढे ठेवली.

"तुही चूक नाई, बाई. हे त्या डब्यात होतं. मुकेशनं तुह्या चिठ्ठीतलाच काढून देल्ला होता. मी नाई घेतला. नको लावू म्हणे, तरी नाई ऐकलं."

सोनमने पट्टीला हात लावला नाही. "तुम्हाले कधी समजलं हे?"

"त्याच दिवशी संध्याकाळी."

"म्हणजे मी वायरी तपासून राह्यली होती, आन् तुम्ही चहा आणून देत होते."

रूपरावांना तिच्याकडे पाहवेना. पण आता थांबलो तर पुन्हा कधी बोलणं होणार नाही, हेही त्यांना कळत होतं.

"तुह्या आईच्या टायमालेही..."

"बाबा, ते नका काढू."

"काढू दे. तू दवाखान्यात नेऊ म्हटलं होतं. मीच नाई म्हटलं. लोकाईपुढं तू आपल्या अंगावर घेतलं, आन् मी घेऊ देल्लं."

सोनमने लिहिलेलं सगळं पुसलं आणि मोबाइल बापाच्या हातात दिला.

"आमच्या ग्रुपवर तुम्हीच लिहा. मी नाई लिहून देणार."

रूपरावांनी चष्मा लावला. एका बोटाने, अक्षर अक्षर शोधत लिहायला लागले. 'मी सोनमचा बाप. पॉवर सप्लाय मी बदलला. सोनमची काही' इथपर्यंत आले आणि अडले.

"'चूक'मधला ऊ कुठं असते बाई?"

"शोधा," सोनम म्हणाली.

ते शोधायला लागले.