दोन ते आठच्या मधली धडधड

मित्रांनो, दवाखान्याच्या मागच्या पडवीत, भिंतीकडे तोंड करून उभा असलेला तो गंजका फ्रीज म्हणजे मीच. माझी वायर पाठीवर गुंडाळून ठेवली आहे. तरी मला चैन पडत नाही.

मी नवा होतो, तेव्हा डॉक्टरांनी सगळ्यांना बजावलं होतं, की यात दूध नाही, डबा नाही, फक्त बाळांच्या लसी. तापमान दोन अंशांच्या खाली गेलं तर लस गोठायची भीती, आठच्या वर गेलं तर ती वाया जायची. या दोन आकड्यांमध्ये मी वर्षानुवर्षं तोल सांभाळला. माझी देखभाल सिस्टर करायच्या. त्या कौतुकानं म्हणायच्या, "हा माझा सगळ्यात गुणी पेशंट. कधी कुरकुर नाही."

घोळ तिथेच झाला. मला कुरकुर करताच येत नव्हती. माझा कॉम्प्रेसर थकत चालला होता. जरा विसावावं, तर लगेच पुन्हा धडधडत उठावं लागायचं. सिस्टर सकाळी आकडा बघायच्या. तो आठच्या आत असायचा. त्या निर्धास्त होऊन पुढे जायच्या आणि माझा जीव टांगणीला.

माझ्या पोटात तापमान टिपणारी एक छोटी डबी होती. ती तासातासाला आकडा साठवायची, पण ते आकडे कुणी उघडून पाहत नसे. एके दुपारी सिस्टरांची धाकटी नणंद लॅपटॉप घेऊन दवाखान्यातच जेवायला आली. ती कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायची.

"वहिनी, एवढे आकडे नुसते पडलेत? चल, तुला आलेख काढायला शिकवते."

"अगं, मला जमणार आहे का ते?"

"पोळी करतेस त्याहून सोपं आहे. फक्त क्रम मोडायचा नाही. कालचा आकडा आजच्या आधीच हवा."

मध्ये डबीची बॅटरी संपली होती, त्या दिवसांच्या जागा रिकाम्या होत्या. सिस्टर तिथे शून्य भरू लागल्या.

"अगं, शून्य म्हणजे बर्फ! माहीत नाही, तर रिकामंच ठेव."

पडद्यावर करवतीच्या दातांसारखी रेघ उमटली.

"रोज दुपारी चढतंय. बुधवारी जास्तच."

"बुधवारी लसीकरण असतं. दार सारखं उघडतं."

"मग ही रोजची आणि आठवड्याची लय बाजूला काढू. उरतं काय ते बघू."

तिनं एक ओळ टाइप केली. दात विरघळले. उरली एक रेघ, हळूहळू, हट्टानं वर चढणारी. सिस्टरांचा घास हातातच राहिला. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मित्रांनो, माझी नाडी कुणीतरी पहिल्यांदाच पाहिली होती.

"बिघडलाय का गं?"

"आलेख कारण सांगत नाही, वहिनी. फक्त लक्ष दे म्हणतो. असंच चढत राहिलं, तर पुढच्या महिन्यात आठ ओलांडेल. अंदाज आहे हं, भविष्य नव्हे."

डॉक्टरांनी आलेख पाहिला. "अजून आठच्या आतच आहे ना? लसी हलवायच्या म्हणजे शेजारच्या खोलीतला फ्रीज रिकामा करा, त्यातली औषधं दुसरीकडे न्या. सगळीच उलथापालथ."

सिस्टरांनाही खात्री नव्हती. त्या दिवसभर येरझाऱ्या घालत होत्या. पुन्हा पुन्हा येऊन माझ्या पाठीवर तळहात ठेवायच्या. शेवटी त्या डॉक्टरांसमोर उभ्या राहिल्या. "माझं चुकलं, तर सगळं परत जागेवर लावून देईन. पण लस टोचून झाल्यावर कळलं, तर काय करू?"

डॉक्टर उठले आणि पहिला ट्रे त्यांनीच उचलला.

पुढच्याच बुधवारी बाकांवर आया दाटीवाटीनं बसल्या होत्या. मी एकदा थरथरलो आणि बंद पडलो. अंदाज पुढच्या महिन्याचा होता. माझ्यात तेवढंही बळ उरलं नव्हतं. पण माझं पोट रिकामं होतं! पलीकडच्या खोलीत सुया टोचल्या जात होत्या, बाळं टाहो फोडत होती. एकही आई तशीच परत गेली नाही. ते रडणं मी जीव ओतून ऐकलं.

आता मला भंगारात नेतील. त्याचं दुःख नाही. मित्रांनो, तुमच्या घरात मुकी यंत्रं असतील, कमी बोलणारी माणसंही असतील. "आज ठीक ना?" एवढं विचारून पुढे जाऊ नका. काल कसं होतं, परवा कसं होतं, तेही आठवून बघा.

भिंतीपलीकडे तो दुसरा फ्रीज घुमतोय. कालच्यापेक्षा त्याचा आवाज जरा जड येतोय का? कुणीतरी बघा हो.