चवीचा रकाना

त्या रविवारच्या क्रोसाँचं वजन एकसष्ट ग्रॅम भरलं, उंची पावणेपाच सेंटिमीटर. नेहमीपेक्षा तो पसरट होता आणि रंगाने फिकट. मी दोन्ही गोष्टी वहीत लिहिल्या आणि दातेरी सुरीने तो मधोमध कापला. आतली पोकळ जाळी एका बाजूला बसली होती. त्यापुढे मी लिहिलं, 'हवेत दमटपणा जास्त असावा.'

चवीचा रकाना उरला होता. तो मी न खाताच भरला. सलग पाचवा रविवार.

ही परीक्षणं मुळात पप्पांची. पप्पांनी अलिबागजवळच्या एका शाळेत एकतीस वर्षं अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवलं. विनेश त्यांचा विद्यार्थी, बारावीत नापास झालेला. तो क्रूझ जहाजाच्या भटारखान्यात आठ वर्षं पेस्ट्रीच्या टेबलावर उभा राहिला आणि परत येऊन आमच्या गल्लीच्या तोंडाशी, जिथे सायकलचं दुकान होतं तिथे, बेकरी घातली. पहिल्याच दिवशी त्याने क्रोसाँ, लोण्याच्या पापुद्र्यांचा तो फ्रेंच पाव, पुढे ठेवून विचारलं, "कसा झालाय, सर?" पप्पा म्हणाले, "लेखी देतो." तेव्हापासून दर रविवारी अर्धं पान जायचं. वजन, पापुद्रे, रंग, चव आणि शेवटी दहापैकी गुण. सातच्या वर त्यांनी कधी दिले नाहीत. पहिल्यांदा सात मिळाले तेव्हा विनेशने दुकानात आलेल्या प्रत्येकाला चहा पाजला होता. पानावर जे लिहिलं असेल ते तो पुढच्या आठवड्यात सुधारायचा.

जूनच्या शेवटी पप्पांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात गेला आणि गिळणं गेलं. बोलणं इतकं जड झालं की ते पाटीवर डाव्या हाताने लिहितात. नाकातून पोटापर्यंत नळी आहे. आई मोठ्या सिरिंजने त्यातून दर तीन तासांनी नाचणीची पेज नाहीतर वरणाचं पाणी सोडते. नळी कधी निघेल, ते डॉक्टर सांगत नाहीत.

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी त्यांनी पाटीवर लिहिलं, 'रविवार. क्रोसाँ.' मैत्रीने, म्हणजे मी खायचं, सांगायचं. ते ऐकून दुरुस्त करणार, गुण देणार. मी वहीत उतरवून विनेशदादाला फोटो पाठवायचा. बाकी दिवसभर त्यांना कोणीतरी उठवायचं, पुसायचं, भरवायचं. आठवड्यातली ही एकच गोष्ट ते स्वतः करत होते.

मी न्हावा शेव्याला एका तपासणी प्रयोगशाळेत नोकरी करते. कंटेनरमधून आलेल्या डाळी-मसाल्यांचे नमुने तपासायचे. दोन महिने बिनपगारी रजेवर आहे. नमुना तपासून लिहिणं मला अवघड नव्हतं.

पहिल्या रविवारी मी त्यांच्या खाटेजवळ बसून एक घास घेतला. माझ्याबरोबर त्यांचाही घसा हलला. तोंडाला पाणी सुटलं आणि तेच श्वासनलिकेकडे गेलं. ते खोकत राहिले. ओठ काळेनिळे झाले. आईने त्यांना उचलून बसवलं, पाठ थोपटली. पाच-सहा मिनिटांनी ते शांत झाले.

पुढच्या रविवारी मी म्हटलं, मी स्वयंपाकघरात खाऊन येते. तिथे ताटली घेऊन उभी राहिले. रडू वगैरे येत नव्हतं. भूक नव्हती, इतकंच. ती जूनपासूनच नव्हती. पोळी असो की मासळी, मी गिळत होते. लोणी बत्तीस ते पस्तीस अंशांत वितळतं, म्हणजे तोंडात ते राहत नाही, हे मला माहीत होतं. भट्टीत साखरेचं काय होतं तेही. त्यावरून मी चव लिहिली. क्रोसाँ संध्याकाळी मागच्या दारच्या कोंबड्यांना टाकला.

शाळेच्या प्रयोगशाळेत याला रीडिंग बसवणं म्हणतात. उत्तर आधीच ठाऊक असतं, मग लोलकाच्या आंदोलनांचे आकडे मागाहून भरायचे. पप्पांनी यापायी मुलांच्या प्रयोगवह्या खिडकीबाहेर फेकल्या आहेत. मी चांगलं बसवत होते. सगळंच बरं लिहिलं तर संशय येतो, म्हणून तिसऱ्या आठवड्यात मी 'लोणी किंचित कमी' असं लिहिलं. विनेशदादाने लोणी वाढवलं.

त्या रविवारी चार वाजता मी वही घेऊन खाटेजवळ बसले. पप्पा उशांना टेकून होते. पाटी मांडीवर, फोन डाव्या हाताशी. फोनवर ते बुद्धिबळ खेळतात.

मी वाचत गेले. वजन, उंची, जाळी, दमटपणा. "चव. सुरुवातीला लोण्याची, मागून हलका गोडवा. मिठाचं प्रमाण योग्य."

त्यांनी पाटीवर लिहिलं, 'पुन्हा.'

"मिठाचं प्रमाण योग्य," मी वाचलं.

त्यांनी फोन माझ्याकडे सरकवला. विनेशदादाचा मेसेज होता, सकाळी नऊ चाळीसचा. 'सर आज घोळ झाला. पिठात मीठ घालायचंच राहिलं. मैत्री घेऊन गेली असेल तर खाऊ नका, फेकून द्या. पुढच्या रविवारी दोन देतो.'

मी तो दोनदा वाचला. कान गरम झाले. बाकी काही वाटलं नाही.

'किती रविवार?' पाटीवर आलं.

"पाच."

त्यांनी बाहीने पाटी पुसली. 'कोण खातं?'

"कोंबड्या."

आई दारात तांदूळ निवडत होती. "तरीच," ती म्हणाली. "मी म्हणते, या अंडी एवढी मोठी कशी घालायला लागल्या."

पप्पांनी तिच्याकडे पाहिलं. ती पुन्हा ताटात बघायला लागली.

'दमटपणाने रंग फिकट होतो?'

"नाही."

'मग?'

"मीठ नसलं की यीस्टला आवर राहत नाही. ते साखर खाऊन टाकतं, मग भाजताना रंग यायला साखर उरत नाही. कणीकही सैल पडते. जाळी बसते. दिसलं होतं मला. त्याला मी दुसरं कारण लावलं."

त्यांनी हात पुढे केला. मी वही दिली. डाव्या हाताने त्यांनी चवीच्या मजकुरावर रेघ मारली. मग मागचं पान उलटलं, त्यावरही मारली. अशी पाच पानं. रेघा वाकड्या येत होत्या, त्यांना वेळ लागत होता. मी बसून होते. वही फेकली असती तर बरं झालं असतं.

मग पाटीवर लिहिलं, 'आण. इथे खा.'

"पप्पा, ठसका लागेल तुम्हाला."

त्यांनी 'खा' या अक्षराखाली रेघ ओढली.

"लागंल तर लागंल," आई म्हणाली. ताट बाजूला ठेवून ती उठली. "खुर्चीत बसवू त्यांना. हनुवटी खाली घेऊन गिळायचं, असं शिकवलंय गिळण्याचे व्यायाम घेणाऱ्या त्या बाईने. रोज सकाळी वीस वेळा करतात. तू वजनंच करत बसतेस, तू कशाला बघतेस?"

मी खरंच पाहिलं नव्हतं.

आम्ही दोघींनी त्यांना खुर्चीत बसवलं. मी स्वयंपाकघरातून ताटली आणली. क्रोसाँचे दोन अर्धे तसेच होते, कडा वाळलेल्या. एकाचा तुकडा मोडून मी तोंडात घातला आणि चावला. पप्पा माझ्या जबड्याकडे बघत होते. तोंडाला सुटलेलं पाणी गिळायला त्यांनी हनुवटी छातीला लावली. घसा वर गेला, खाली आला. मग खोकला आला. एक, दोन, तीन. आई पुढे झाली तसा त्यांनी डावा हात वर केला. थांबा. चौथा आला नाही. ओठांचा रंग नेहमीचा होता.

'चव?'

"काही नाही. कागदासारखं."

'त्याची की तुझी?'

मला सांगता येईना. मिठाशिवायचा पदार्थ आणि दोन महिने काही न लागलेली जीभ. या दोन्हींपैकी दोष कशात, हे एका घासावरून कळणं शक्यच नव्हतं.

'मीठ आण.'

मी दुसऱ्या तुकड्यावर चिमूटभर मीठ घातलं. खाल्ला. पप्पांनी गिळलं. या वेळी एकच ठसका.

"खारट," मी म्हणाले.

त्यांनी डाव्या हाताने 'पुढे बोल' अशी खूण केली.

"मागून लोणी आहे. थोडं जास्तच. पण जिभेवर थर राहत नाही."

'आधीच्या घासात लोणी नव्हतं?'

"असणार. मला कळलं नाही."

'तसंच लिही.'

मी नवं पान काढलं. वर लिहिलं, 'मागचे चार रविवार चवीपुरते रद्द. मैत्रीने खाल्लं नव्हतं.' खाली लिहिलं, 'मिठाशिवाय: काही कळलं नाही. दोष पदार्थाचा की खाणारीचा, सांगता येत नाही. मीठ लावून: खारट, मग लोणी, जरा जास्त.' पप्पांनी वाचलं. एक वेलांटी दुरुस्त केली. गुणांच्या जागी स्वतः तीनचा आकडा काढला.

फोटो पाठवला. दोन मिनिटांत विनेशदादाचं उत्तर आलं, 'अगं फेकून द्या म्हटलं होतं ना.' लगेच दुसरं, 'सर तीन कशाचे दिले?' मग बराच वेळ तो नुसताच टाइप करताना दिसत राहिला. शेवटी आलं, 'म्हणजे लोणी परत कमी करू का?'

मी पप्पांना वाचून दाखवलं. त्यांनी खडू उचलला, 'अजून दोन तुकडे खाऊन सांगते म्हणावं,' एवढं लिहिलं आणि पाटी बाजूला ठेवली.

मी तसं कळवलं. आईने त्यांच्या पाठीमागची उशी सरळ केली. मी तुकड्यावर मीठ घालून तो हातात घेतला. पप्पांनी हनुवटी छातीकडे नेली आणि माझ्या घासाची वाट बघत थांबले.