अठराव्या मजल्याची मोरी

मुलुंड पूर्वेला, मिठागराच्या अंगाला, 'शुभलक्ष्मी' नावाची तीन मजली सोसायटी आहे. तिची ड्रेनेज लाइन इतकी म्हातारी, की बिडाचा पाईप कधीच गंजून झडून गेला होता, बाहेरचा रंग तेवढा उभा होता. एकदा एका कावळ्याने त्या पाईपावर चोच मारली, तर आतून दुसऱ्या कावळ्याने "कोण आहे?" म्हणून विचारलं. मी समोरच्याच बिल्डिंगीत राहतो, या कानांनी ऐकलंय.

त्या पाईपावर खालून वर चार घरं. तळमजल्यावर जयंती. पहिल्यावर सुबोध, दुसऱ्यावर शिवदास आणि तिसऱ्यावर सोसायटीचे चेअरमन देवदत्त, बँकेतून साहेब म्हणून रिटायर झालेले आणि अजून साहेबच असलेले. वरच्या तिघांचं सांडपाणी खाली यायचं. जमिनीखालच्या लाइनीत पिंपळाची मुळं शिरली होती, त्यामुळे पुढे जायला वाट नसायची. मग ते गुमान जयंतीच्या मोरीतून वर यायचं. कुणाकडे काय शिजलं हे जयंतीला कुणाला विचारावं लागत नसे. शिवदासकडे शेवयांची खीर झाली, की तासाभरात शेवया हिच्या मोरीत हजर.

"लोक शेजाऱ्यांना वाटीतून देतात," ती म्हणायची, "आमच्याकडे थेट मोरीत वाढतात."

आता जयंतीचा धंदा काय, तर उकडीचे मोदक. भाद्रपदात ठाण्यापासून घाटकोपरपर्यंत तिचे मोदक जातात, आणि तेवढ्या कमाईवर तिचं अर्धं वर्ष निघतं. मोरी ओट्याला लागून. गेल्या श्रावणात गंधाली नावाची जुनी गिऱ्हाईक ऑर्डर द्यायला आली ती दारातच थबकली, ओढणी नाकाला लावून म्हणाली, "काकू, या वर्षी ना... आम्ही बघतो दुसरीकडे कुठेतरी." आणखी दोघी-चौघी अशाच गेल्या, तर चूल बंद. जयंतीने त्याच दिवशी धोंडू प्लंबरला बोलावलं.

धोंडू मूळचा मालवणकडचा, मुंबईत येऊन जन्म गेला तरी जीभ तिथेच ठेवून आलेला, आणि पक्का बनेल. त्याने चेंबरचं झाकण उचललं, आत पाहिलं, झाकण परत ठेवलं.

"वयनी, ह्या काठीन् ढोसून होवचा नाय. खालची लाइन नवी टाकूक व्हयी, वरचो पाईपय बदलूक व्हयो."

त्याने खर्च सांगितला. सगळ्या सोसायटीत वाटला तर घरटी अठ्ठावीस हजार. जयंती तो आकडा घेऊन मीटिंगला गेली.

आता मीटिंगचं सांगायचं, तर आधी टॉवरचं सांगायला हवं. चौदा वर्षांपूर्वी एक बिल्डर येऊन शुभलक्ष्मीच्या जागी वीस मजली टॉवर बांधतो म्हणाला, आणि थर्माकोलचं मॉडेल ठेवून गेला. झालं. त्या दिवसापासून ही माणसं या बिल्डिंगीत राहीनाशी झाली, ती टॉवरमध्येच राहायला गेली. दसऱ्याला त्या थर्माकोलला हार घालतात, आपट्याची पानं वाहतात. सुबोधने कंपाउंडमध्ये खडूने आपलं भावी पार्किंग आखून घेतलंय, त्यात दुसऱ्या कुणाचं मांजर बसलेलं त्याला खपत नाही. शिवदासला अठरावा मजला लागला होता. पण खिडकीशी उभं राहिलं की गरगरतं, म्हणून त्याने अर्ज करून बारावा मागून घेतला, आणि अठरावा जयंतीच्या नावावर चढला. डॉक्टरच्या गोळ्या मात्र अजून चालू आहेत. घराला गळती लागली, लाद्या उखडल्या, जिन्याचा कठडा हातात आला, तरी उत्तर एकच: रिडेव्हलपमेंट होणारच आहे, मग खर्च कशाला?

मीटिंगमध्ये तेव्हा खाडीचा व्ह्यू कोणाला यावर भांडण जुंपलं होतं. जयंतीने मध्येच लाइनीचा विषय काढला, तशी देवदत्त साहेबांनी चष्मा पुसला.

"जयंतीबाई, चार दिवसांत पडणाऱ्या बिल्डिंगीला नवी ड्रेनेज लाइन? अहो, सरणावर ठेवलेल्याला कवळी बसवण्यातला प्रकार आहे हा."

"सरण कधी पेटणार ते तरी सांगा. तोवर मी कुठे मोदक वळू?"

"टॉवरमध्ये मॉड्युलर किचन आहे हो तुम्हाला!"

"पण या गणपतीत आहे का?"

शिवदास म्हणाला, "आणि तुंबलंय तुमच्याकडे. आमच्याकडे कसं व्यवस्थित जातं."

"जातं ना! माझ्याकडेच येतं ते!"

सुबोध जरा हळू आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "बिल्डरच्या कानावर गेलं तर आपला भाव पडेल यार. ड्रेनेजबिनेज असले शब्द मिनिट्समध्येसुद्धा नकोत." ही सूचना एकमताने मंजूर झाली. जयंतीचा विषय 'जलविहाराविषयी सर्वसाधारण चर्चा' म्हणून नोंदला गेला. मग समोसे आले.

जयंती घरी आली ती धोंडूला घेऊनच. "गणपतीपर्यंत माझी मोरी कोरडी राहायला पाहिजे. कायपण कर."

धोंडूने डोकं खाजवलं. "एक बूच मारून देतंय. लाकडाचा, वरसून रबर. तुमच्याकडे येवचा बंद. पण वयनी, कोणाक बोला नकात."

बूच बसलं. जयंतीने मोरी फिनेलने धुतली, नारळ फोडला आणि गंधालीला फोन केला. "ये गं, श्वास घेऊन बघून जा." गंधाली आली, दोन दीर्घ श्वास घेतले आणि ऑर्डर देऊन गेली.

पाण्याला मात्र मीटिंगचा ठराव कळत नाही. त्याला कुठेतरी जायला हवंच. दोन दिवसांत सुबोधच्या नहाणीत बुडबुडे आले, आणि बुडबुड्यांच्या मागून बाकीचं आलं. आता सांगायचं कुणाला? त्याच्याच तोंडून निघालेला ठराव. त्याने दारं-खिडक्या लावल्या, घरात उदबत्त्यांचा कारखाना काढला आणि गुपचूप धोंडूला बोलावलं. धोंडूने त्याच मापाचं बूच दुप्पट भावाने मारलं. "कोणाक बोला नकात हां, साहेब."

मग शिवदास. त्याच्याकडे जेव्हा आलं, तेव्हा तर जयंतीने सोललेल्या नारळांच्या शेंड्या, सुबोधच्या उदबत्त्यांच्या काड्या आणि त्याच्या स्वतःच्याच शेवया एकत्र आल्या. शेवया त्याने ओळखल्या म्हणतात. तिथेही बूच, तिप्पट भाव, आणि तीच शपथ. जिन्यात तिघं एकमेकांना भेटत, गोड हसत, "काय, सगळं ठीक?" "एकदम झकास!" म्हणत आणि आपापल्या बुचाकडे परतत.

अशात बातमी आली, की बिल्डर करार करायला येतोय. जुना बिल्डर कधीच गेला होता, आता त्याचा मुलगा मिहिर येणार होता. देवदत्त साहेबांनी हॉल आवरला, मध्ये टीपॉय, टीपॉयवर थर्माकोलचा टॉवर. सुबोध आणि शिवदास इस्त्रीचे कपडे घालून आले. मिहिर आला तो पांढरेशुभ्र बूट घालून. साहेबांनी हार घातला, चहा मागवला. आतमध्ये त्यांच्या बायकोने, शुभाताईंनी, पाहुण्यांसाठी भांडी घासायला नळ सोडला.

तळमजला बंद, पहिला बंद, दुसरा बंद. उरला तिसरा.

आधी आतून घरघर ऐकू आली, म्हशीने हंबरडा फोडावा तशी. मग शुभाताईंची किंकाळी. मग ते हॉलमध्ये आलं. मी गॅलरीतून पाहत होतो, खोटं कशाला सांगू, ते साहेबांसारखंच आलं: सावकाश, रुबाबात, सगळ्यांना उठून उभं राहायला लावत. सोफ्याला वळसा घातला, टीपॉयशी थांबलं, टीपॉय कलंडला आणि वीस मजली टॉवर सप्पदिशी पाण्यात पडून तरंगायला लागला. चौदा वर्षं भांडत होते, अखेर टॉवरला चारी बाजूंनी खाडी मिळाली.

"धोंडूला बोलवा!" साहेब सोफ्यावर चढून ओरडले.

धोंडू खालीच होता, जयंतीच्या दारात चहा पीत. वर आला, दारातच उभा राहिला.

"अरे, बघतोस काय? यांना सगळ्यांना मारलंस तसं बूच मार ना!" तिघांची गुपितं साहेबांना केव्हापासून ठाऊक होती, ती अशी बाहेर पडली.

"मारलंय असतंय, साहेब. पण तुमच्या वर गच्ची. गच्चीच्या वर देव. आता खंय ढकलूचा?"

मिहिर खुर्चीवर उभा राहून बुटांची लेस सोडत होता. "अंकल, करार-बिरार कोण म्हणालं तुम्हाला? मी फक्त भेटायला आलो होतो. आमचे आधीचे चार प्रोजेक्ट अडकलेत, तुमचा नंबर यायला सात-आठ वर्षं तरी जातील." त्याने बूट हातात घेतले, चेहरा वाकडा केला. "तोवर ड्रेनेज तरी करून घ्या ना!"

आणि अनवाणी, टाचांवर चालत गेला.

संध्याकाळी कंपाउंडमध्ये तातडीची मीटिंग झाली, हॉल वापरण्यासारखा नव्हता. देवदत्त साहेब दुसऱ्याची चप्पल घालून आले होते. "बंधुभगिनींनो," ते म्हणाले, "लाइन बदलायला हवी, हे मी पहिल्यापासून सांगत आलो आहे." कुणी हसलं नाही. टाळ्या वाजल्या! हीच या लोकांची जात. तिसऱ्या मजल्यावर पाणी चढल्याशिवाय यांना पाणी ओलं असतं हे पटत नाही. तीन मजल्यांच्या लाद्या, ओले स्लॅब, कुजलेले दरवाजे धरून खर्च आता घरटी साठ हजारांच्या वर गेला होता. अठ्ठावीस हजारांना जे आजारी पडले होते, त्यांनी साठ हजारांचे चेक उभ्या-उभ्या फाडून दिले.

खणलं, तेव्हा पिंपळाचं मूळ निघालं ते मांडीएवढं. आठ माणसांनी ओढलं तरी येईना. शेवटी सुटलं, तेव्हा त्याच्याबरोबर चमचे, दातकोरणी, एक कवळी आणि जुन्या बिल्डरची सगळी रंगीत पत्रकं निघाली. नवी लाइन पडली. धोंडूने तिन्ही बुचं धुऊन परत घेतली आणि आमच्या बिल्डिंगीत विकायला आणली. आमच्याकडेही एक बिल्डर येऊन गेलाय ना.

गणपतीच्या आदल्या दिवशी जयंतीच्या घरातून वेलदोड्याचा आणि तुपाचा वास अख्ख्या कंपाउंडभर सुटला होता. दाराशी गिऱ्हाइकांची रांग, पुढे गंधाली. देवदत्त साहेब रांग ओलांडून थेट ओट्यापर्यंत आले.

"जयंतीबाई, एकवीस मोदक काढा आमचे. दरवर्षीचेच."

जयंतीने उकड मळता-मळता वर पाहिलं.

"तुमचे लिहून ठेवलेत, साहेब. अठराव्या मजल्यावर मला मॉड्युलर किचन मिळालं, की पहिला घाणा तुमचाच." आणि ती रांगेकडे वळली. "ये गं गंधाली, पुढे ये. साहेबांना जरा जायला वाट दे."