शिट्टीकाकांची शिस्त

शिट्टीकाकांनी टिल्लीच्या मनगटाला बांधलेली केशरी फीत तिच्या आईने भर फाटकात, सगळ्यांदेखत सोडली आणि पर्समध्ये कोंबली.

"माझी मुलगी म्हणजे काय बाजारात न्यायची शेळी आहे?" ती म्हणाली.

फितीवर पक्क्या शाईने फोन नंबर लिहिलेला होता. शिट्टीकाका म्हणजे टिल्लीच्या आईच्या धाकट्या बहिणीचा नवरा. एका रंगाच्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी होते, आणि सुट्टीच्या दिवशीही तो अधिकारी त्यांच्या अंगातून उतरत नसे. गळ्यात शिट्टी, पाठीवर पाण्याच्या बाटल्यांचं ओझं, खिशात मलमपट्टी. थीम पार्कमध्ये पाऊल टाकण्याआधीच त्यांनी टिल्लीला आणि आपल्या जुळ्या मुलींना ओळीने उभं करून फोटो काढला होता. का, तर आज कोणी कुठले कपडे घातलेत ते मोबाइलमध्ये असलेलं बरं! बहिणीने हा माणूस कुठून शोधून काढला, हा प्रश्न टिल्लीच्या आईला लग्नात पडला होता आणि आजतागायत सुटला नव्हता.

"ताई, आत फार गर्दी असते हो," शिट्टीकाका म्हणाले. "हाताला नंबर असला की आपल्यालाच बरं."

"मी असताना नंबर कशाला?"

शिट्टीकाकांनी जुळ्यांच्या फिती चाचपून पाहिल्या आणि ते तिकिटांच्या रांगेत जाऊन उभे राहिले. टिल्ली आपल्या रिकाम्या मनगटाकडे बघत राहिली. पाच वर्षांच्या मुलीला केशरी फीत म्हणजे दागिनाच असतो, पण हे तिच्या आईच्या गावीही नव्हतं.

टिल्लीच्या आईचं काम हॉटेलांची स्वयंपाकघरं तपासण्याचं. फडताळावरून बोट फिरवायचं, बोटाकडे बघायचं आणि मग समोरच्या माणसाकडे बघायचं. बोलायची गरज सहसा पडत नसे. भले भले आचारी तिच्यापुढे ओल्या मांजरासारखे उभे राहत. या कामात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं आणि ते तिला पुरेपूर ठाऊक होतं. मात्र घरी आल्यावर ती नजर पर्सबरोबर खुंटीला अडकवायची राहून गेली होती. नवरा आजही काहीतरी काम काढून घरी थांबला होता. सुट्टीच्या दिवशी त्याला हटकून काम निघत असे.

दोन पाळणे झाले न झाले तोच शिट्टीकाकांनी जेवणाची घोषणा केली. अजून बारासुद्धा वाजले नव्हते.

"आत्ता खाऊन घेतलं की रांग नाही," ते सांगू लागले. "बाराला सगळे खायला धावतात, तेव्हा आपण पाळण्यांना मोकळे. फक्त गोल फिरणाऱ्यात लगेच बसायचं नाही. पोटातलं बाहेर येतं."

"दवाखान्यातसुद्धा इतक्या लवकर जेवण देत नाहीत," टिल्लीची आई म्हणाली.

धाकटी बहीण हसली नाही. ती हल्ली बहिणीच्या बोलण्यावर हसत नसे.

शिट्टीकाकांनी एक साधा स्टॉल निवडला. भिंतीकडेचं टेबल धरलं, मुलींना आतल्या बाजूला बसवलं, मोठी माणसं बाहेरच्या बाजूला. गरम चहाचे कप मुलींच्या कोपरांपासून लांब सरकवले. मग तिघींना नळावर नेऊन साबणाने हात धुवायला लावले, तेही बोटांच्या बेचक्यांतून. हे सगळं टिल्लीची आई उभ्यानेच बघत होती. माणसाने किती घाबरट असावं याला काही सुमार? वाघ मागे लागल्यासारखा जगतो हा मेला.

फ्रेंच फ्राइजची ताटली आली. तिने एक काडी उचलली, वास घेतला, टेबलावर ठेवली.

"जळकं तेल आहे. टिल्ली, ठेव ते."

टिल्लीच्या हातात दोन काड्या होत्या. एक तोंडाजवळ गेली होती. तिने आईकडे पाहिलं आणि दोन्ही काड्या ताटलीत परत ठेवल्या, शेजारी शेजारी, नीट.

"अगं, खाऊ दे ना तिला," धाकटी म्हणाली. "एक दिवस खाल्लं तर काय होतंय?"

"तुम्ही खुशाल खा. आम्ही तळ्याकाठच्या रेस्टॉरंटमध्ये जेवू. माणसांच्या वेळेला, माणसांसारखं."

"ताई, तिथं या वेळी—" शिट्टीकाकांनी तोंड उघडलं, आणि तिने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं.

तळ्याकाठचं रेस्टॉरंट दिसायला झकास होतं आणि त्याची रांग पार पुलापर्यंत आली होती. ऊन मी म्हणत होतं. टिल्लीने दोनदा भूक लागल्याचं सांगितलं, तिसऱ्यांदा सांगितलं नाही. पुढे एक गृहस्थ बाबागाडी घेऊन उभे होते, त्यांच्या गाडीचं चाक टिल्लीच्या आईच्या पायावरून गेलं. तिने त्यांची अशी काही हजेरी घेतली की त्यांनी तीनदा माफी मागितली आणि बाबागाडी स्वतःच्या पायावर ओढून धरली.

ती काउंटरजवळ पोचली आणि तिला हवं ते दिसलं. कच्च्या चिकनला लावलेला चिमटा आतल्या पोऱ्याने तसाच सॅलडच्या भांड्यात घातला. तिचा चेहरा उजळला. अशा वेळी तिला भूकबीक काही उरत नसे.

"मॅनेजरना बोलवा."

मॅनेजर आले. त्यांना तिने चिमटा दाखवला, मग हातमोजे, मग फ्रीजचं न लागणारं दार. शब्द मोजके, आवाज खालचा. मॅनेजरच्या कपाळावर घाम आला, मागची रांग ऐकू लागली, कोणीतरी "बरोबर बोलतायत बाई" असंही म्हणालं. बऱ्याच दिवसांत इतकं छान जमलं नव्हतं.

"माझ्या मुलीने हे खाल्लं असतं तर?" असं म्हणून तिने हात मागे नेला, मुलीला पुढे घ्यायला.

हाताला काही लागलं नाही.

आधी ती चिडली. मग तिने टेबलांखाली पाहिलं, खांबाआड पाहिलं, पुलावर जाऊन आली. तळं पुलाला खेटून होतं आणि कठडा मोठ्या माणसाच्या कंबरेइतका होता. त्याच्या गजांमधून पाच वर्षांचं मूल सहज गेलं असतं. तिने पाण्याकडे पाहिलं आणि ती समोर येईल त्याला विचारत सुटली.

"मुलगी पाहिलीत का? लहान मुलगी, एवढी?"

"कपडे कुठले होते?" एका बाईने विचारलं.

तिने तोंड उघडलं. सकाळी टिल्लीला मावशीने तयार केलं होतं. पिवळा फ्रॉक? की पिवळा त्या जुळ्यांचा? चिमट्याचा दांडा हिरवा होता हे तिला आत्ताही डोळे मिटून सांगता आलं असतं. पण फ्रॉक काही केल्या आठवेना. फोटो होता, शिट्टीकाकांच्या मोबाइलमध्ये. तिने फोन काढला, बहिणीच्या नावावर बोट नेलं आणि तिथेच थांबली. हा फोन केला की तो माणूस काही बोलणार नाही, नुसता धावत येईल. ते तिला जन्मभर पुरलं असतं. पुन्हा तिची नजर पाण्याकडे गेली. तिने बोट टेकवलंच.

"अगं, टिल्ली सापडत नाहीये," ती म्हणाली, आणि आपला आवाज तिला ओळखू आला नाही.

पलीकडून धाकटी काहीतरी बोलत होती, पण तेवढ्यात खांबावरचा कर्णा खरखरला.

"इकडे लक्ष द्या. एका मुलीची आई हरवली आहे. उंच, राखाडी कुर्ता, काळी पर्स. मुलीने आईची ओळख अशी सांगितली आहे: तिने नुसतं बघितलं तरी आपलं काहीतरी चुकलंय असं वाटतं. अशा बाई आढळल्यास त्यांना कृपया चौकशी खिडकीकडे पाठवावं. धन्यवाद."

सांगणारीचा आवाज गोड होता. रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. बाबागाडीवाले गृहस्थ वळले, त्यांनी तिला एकदा खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि अतिशय अदबीने म्हणाले, "बाई, तुम्हाला बोलावतायत."

"मुलगी हरवलीय माझी. मी नाही," ती म्हणाली.

"इथं मूल हरवलं असं पुकारत नाहीत," मॅनेजर म्हणाले. त्यांनी कपाळ पुसून घेतलं होतं. "भलताच कोणीतरी न्यायला यायचा. म्हणून मोठं माणूस हरवलं असं सांगतात. फाटकापाशी जा, डाव्या हाताला."

कोणालाही विचारावं लागलं नाही. वाटेत लोकच बोट दाखवत होते, आधी तिच्याकडे, मग खिडकीकडे.

चौकशीच्या खोलीत टिल्ली उंच खुर्चीवर बसून बिस्किट खात होती. फ्रॉक निळा होता.

"त्या स्टॉलवर परत गेली होती ही, फ्राइज खायला," गणवेशातली बाई म्हणाली. "तिथं तिची माणसं दिसली नाहीत, तर सरळ माझ्याकडे आली. गणवेशातल्या बाईला गाठायचं, असं काकांनी शिकवलंय म्हणे. गुणी आहे हो पोरगी."

टिल्लीच्या आईने पुढे पाऊल टाकलं. बाईने हात आडवा धरला.

"जरा थांबा. मुलीने ओळखल्याशिवाय देता येत नाही. नियम आहे. काय गं, हीच का तुझी आई?"

टिल्लीच्या आईला रडू फुटत होतं, ते आवरून ती हसली. गाल वर ओढून, दात दिसतील असं, अगदी मनापासून. टिल्लीने बिस्किट चावायचं थांबवलं. ती आईच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिने कुर्ता पाहिला, पर्स पाहिली, पुन्हा तोंडाकडे पाहिलं, आणि खुर्चीत थोडी मागे सरकली.

"बोल ना बाळा," गणवेशातल्या बाईने विचारलं. तिने आता टिल्लीच्या आईकडे जरा संशयाने पाहिलं. "आई आहे ना ही?"

टिल्ली काही बोलेना. दारात माणसं गोळा झाली होती. टिल्लीच्या आईचं हसू हळूहळू उतरलं. गाल खाली आले, ओठ मिटले, भुवया जवळ आल्या.

"हीच," टिल्ली लगेच म्हणाली, आणि अर्धं बिस्किट नीट टेबलावर ठेवून खाली उतरली.