जमिनीला नको असलेलं खत

आपला दीर मनिष खत टाकताना दिसला की संगिता तोंड फिरवायची. कैनाड गावातला सगळ्यांत हुशार शेतकरी आपणच, असा त्याचा पक्का समज होता, आणि हुशारी तो गोण्यांवर मोजायचा. शेजाऱ्याने मिरचीला दोन टाकल्या तर हा चार टाकणार. वाफ्यांत डीएपी खताचे दाणे उघडे पडलेले दिसायचे, तरी याचा हात आखडत नसे.

दोघांची शेतं बांधाला बांध लावून होती, आणि उतरणीला तळं. त्यात मनिषने रोहू-कटला मासे सोडले होते. मे महिन्यात कृषी सहायक हर्षदा मॅडम दोन्ही शेतांतली माती तपासायला घेऊन गेल्या. तपासणीची पत्रिका आली. डीएपीतून येणारं स्फुरद अति जास्त.

"दोन-तीन वर्षं डीएपीला हातही लावू नका," मॅडम म्हणाल्या. "जास्तीचं पिकाला लागत नाही. मातीला चिकटून बसतं, आणि पावसात मातीबरोबर तळ्यात उतरून शेवाळ वाढवतं."

"कागदावर मिरची पिकत नसते, मॅडम," असं म्हणून मनिषने पत्रिकेची घडी केली आणि पाण्याच्या हादरणाऱ्या मोटारीच्या पायाखाली सारली. आपण जिंकलो, अशा थाटात त्याने वहिनीकडे पाहिलं. बूड मेल्या, एवढंच संगिता मनात म्हणाली. तिने मात्र त्या वर्षी डीएपी आणलंच नाही.

पावसाळाभर तळं हिरवं होत गेलं. ऑक्टोबरात दोन दिवस आभाळ भरून राहिलं, वारा पडला, आणि तिसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मासे पोट वर करून तरंगू लागले. मनिषने सगळा पाडा गोळा केला. काठावर काळी नावाची बाई कपडे धुवत होती. एकटी म्हातारी, तिची झोपडी तळ्यालगतच.

"हिनेच विष टाकलं!" मनिष ओरडला. "माझ्या माशांवर डोळा होता हिचा!" आणि त्याने तिच्या घमेल्याला लाथ घातली. धुतलेली लुगडी चिखलात गेली. काळी एकेक लुगडं उचलू लागली.

संगिता पुढे झाली. तिने ओंजळीत पाणी उचललं. बोटांना हिरवं शेवाळ चिकटलं.

"हे विष आहे का, भाऊजी?"

"वहिनी, तुम्ही मधे पडू नका. बायकांचं काम नाही हे."

संगिताने फोन करून हर्षदा मॅडमना बोलावलं. तासाभरात त्या स्कूटीवर आल्या. पाणी पाहिलं, पहाटे मासे वर येऊन तोंड उघडत होते का, ते विचारलं. मग म्हणाल्या, "शेवाळ माजलं की रात्री पाण्यातला प्राणवायू संपतो. मासे गुदमरून मेलेत. वरच्या वाफ्यांत किती डीएपी टाकलंत?"

"एकरी सहा गोण्या!" मनिष छाती काढून म्हणाला.

मग मागून कुणीतरी फिसकन हसलं आणि हसू पसरत गेलं. आपण काय बोलून बसलो, ते कळायला मनिषला सगळ्यांत जास्त वेळ लागला.

त्याने काळीची माफी मागितली नाही. मासेपालन तेवढं सोडलं, आणि डीएपीला 'ताकद नाही' म्हणून तलासरीहून दुसरंच महागडं खत आणलं. संगिताची मिरची डीएपीविना दरवर्षीसारखीच आली, वाणगावला विकलीही गेली. ते मनिषने पाहिलं, आणि वहिनीचं नशीब चांगलं म्हणाला.

माती तळ्यात वाहून जाऊ नये म्हणून संगिताने आपल्या शेताच्या उतरणीला गवताचा पट्टा लावला. काळीला तिने आपल्या बोअरवर कपडे धुवायला बोलावलं.

"तळं कधी साफ होईल गं?" काळीने लुगडं पिळता पिळता विचारलं.

"वर्षं जातील, बाय. तळाच्या गाळातही खत मुरलंय."

"म्हणजे मी नसेन तेव्हा."

संगिताने लुगड्याचं दुसरं टोक धरलं. मनिष मूर्ख, हे तिला मे महिन्यातच ठाऊक होतं. त्याची फजिती बघायला मिळेल म्हणून ती पाच महिने तोंड मिटून बसली होती. त्याला हसताना इतकं सोपं वाटलं होतं. स्वतःकडे बघताना मात्र तिला किळस आली.